सत्तर टक्के म्हणू या!

काल रात्री 'डोन्ट लुक अप' पुन्हा पाहिला. तिसऱ्यांदा. अॅडम मॅकेचा हा पिच्चर २०२१ च्या डिसेंबरमध्ये नेटफ्लिक्सवर आला, तेव्हा आम्ही चौघा रूममेट्सनी मिळून पाहिला होता आणि हसून हसून पोट दुखलं होतं. काल एकट्याने पाहिला आणि हसू जरा कमीच आलं. का, ते शोधायला लिहायला बसलोय.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात (शेवटही सांगणार आहे, तेव्हा पाहायचा असेल तर इथेच थांबा). पीएचडी करणाऱ्या केटला एक धूमकेतू दिसतो. तिचे सर, डॉ. मिंडी, गणित मांडतात: पाच ते दहा किलोमीटरचा गोळा, सहा महिने चौदा दिवसांत पृथ्वीवर आदळणार. पुढचा सगळा सिनेमा म्हणजे या दोघांनी हे सांगत फिरायचं आणि बाकीच्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं करायचं. धूमकेतू हे फक्त निमित्त. मुद्दा हवामानबदलाचा आहे, हे मॅकेनेच अनेकदा सांगितलंय.

राष्ट्राध्यक्ष बाई (मेरिल स्ट्रीप, काय काम केलंय!) विचारतात, आदळायची शक्यता किती? ९९.७८ टक्के. बाई म्हणतात, आपण सत्तर म्हणू आणि पुढे जाऊ. विषय संपला! पहिल्यांदा पाहताना मला वाटलं, व्यंग आहे म्हणून ताणलंय. मग एकदा जेम्स हॅन्सनबद्दल वाचलं. नासाचा हा शास्त्रज्ञ १९८८ च्या जूनमध्ये अमेरिकन सेनेटच्या समितीपुढे सांगून आला होता, की तापमानवाढ ही निसर्गाची नेहमीची चढउतार नाही याची आपल्याला ९९ टक्के खात्री आहे. म्हणजे आकडासुद्धा जवळपास तोच! पुढे काय झालं? क्योटो करारावर अमेरिकेने १९९८ मध्ये सही केली, पण तो मंजुरीसाठी सेनेटपुढे कधी गेलाच नाही. हॅन्सन बोलला तेव्हा हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत साधारण ३५० भाग होता. आता तो ४२० च्या वर गेलाय. मॅकेने ताणलं काहीच नाही, उलट पस्तीस वर्षं सहा महिन्यांत कोंबली.

सिनेमावर टीकाही भरपूर झाली. फार आरडाओरडा आहे, प्रेक्षकाला मूर्ख समजतो वगैरे. माझी तक्रार वेगळी होती, अगदी इंजिनिअरची. धूमकेतूला तारीख असते. हवामानबदलाला नसते. आमच्या भाषेत सांगायचं तर धूमकेतू म्हणजे प्रॉडक्शन डाउन. रात्री तीन वाजता फोन, सगळे कॉलवर, मॅनेजरचा मॅनेजरसुद्धा जागा. हवामानबदल म्हणजे टेक्निकल डेट. सगळ्यांना माहीत असतं की कोड सडतोय, पण त्यासाठी कुणी स्प्रिंट देत नाही, कारण आज तर सगळं चालू आहे! आणि खऱ्या दगडाचं म्हणाल, तर २६ सप्टेंबर २०२२ ला नासाने डिमॉर्फोस नावाच्या लघुग्रहावर यान आदळवून दाखवलं. त्याची एक फेरी जवळपास अर्ध्या तासाने कमी झाली. म्हणजे आकाशातला दगड हा दोन्हींतला सोपा प्रश्न निघाला.

तरी सिनेमा मला सोडत नाही, तो छोट्या गोष्टींमुळे. व्हाइट हाउसमध्ये ताटकळत बसलेले असताना एक जनरल या लोकांना चिप्स आणि पाणी आणून देतो आणि पैसे घेतो. नंतर केटला कळतं की तिथे ते फुकटच मिळतं. जग बुडायला निघालंय, पण बाईच्या डोक्यातून शेवटपर्यंत ते चिप्सचे पैसे जात नाहीत! अस्सा राग येतो आणि अस्सं हसू येतं. कारण डोकं असंच चालतं ना आपलं. छोटा हिशोब पक्का लक्षात, मोठा राइट-ऑफ.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे मिंडी. आपण राष्ट्राध्यक्षांना हसतो, टीव्हीवरच्या गुळगुळीत अँकरना हसतो. ते सोपं आहे, ते आपण नसतोच. पण मिंडीला सगळं माहीत असतं. गणित त्यानेच केलेलं असतं. तरी तो टीव्हीवर चमकायला लागल्यावर बराच काळ सगळ्यांच्या सुरात सूर मिसळतो. काल तिथे मला हसू आलं नाही.

२६ नोव्हेंबर २०२३, रविवार. भारत-ऑस्ट्रेलिया टी-ट्वेंटी चालू होती. निफाडजवळ माझ्या मामाची द्राक्षबाग आहे. त्या दिवशी नाशिक जिल्ह्यात गारपीट झाली आणि मामाने व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ टाकला. पांढरीशुभ्र जमीन, खाली पडलेले घड, मागे मामीचा आवाज. मी एक रडका इमोजी टाकला आणि परत मॅच लावली. दोन दिवसांनी फोन केला तेव्हा विचारलं काय, तर "मामा, पीकविमा आहे ना?" तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "जेवला का रे?"

एका गारपिटीचं बिल थेट हवामानबदलाच्या नावावर फाडता येत नाही, हे मला कळतं. पण त्या रात्री मी असा शास्त्रीय विचार वगैरे करत नव्हतो. मला फक्त मूड खराब करून घ्यायचा नव्हता. टीव्हीवरचे ते दोन अँकर दुसरं काय करतात? वाईट बातमीसुद्धा हलकीफुलकी ठेवायची, एवढंच ना!

शेवटी धूमकेतू येतोच. मिंडीच्या घरी सगळे जेवायला बसतात, हात हातात घेतात, कॉफीबद्दल वगैरे बोलतात. भिंती हलायला लागतात. आपल्याकडे खरं तर सगळं होतं, अशा अर्थाचं काहीतरी मिंडी बोलतो. बस्स.

आज सकाळी मामाला फोन लावला. काही काम नव्हतं. चाळीस मिनिटं बोललो, म्हणजे बोलला तोच. त्या वर्षी अर्धी बाग गेली होती आणि औषधांची उधारी फेडायला पुढचं वर्ष लागलं, हे मला आज कळलं. इतके दिवस सांगितलं का नाही, असं विचारणार होतो. पण व्हिडिओ तर त्याने त्याच दिवशी पाठवला होता.