एक क्रियापद, दोन न्यायासने

हंगेरियन भाषेत 'एलीतेल' असे एक क्रियापद आहे. 'ईतेल' म्हणजे न्याय देणे, निवाडा करणे. त्यास 'एल' हा उपसर्ग लागून ते बनले. न्यायालयाने आरोपीस दोषी ठरवून शिक्षा ठोठावली, तर ते 'एलीतेल'. आणि एखाद्या सज्जनाने घरी बसून कुणाच्या कृत्याचा धिक्कार केला, तर तेही 'एलीतेल'च. आपण मराठी माणसे न्यायाधीशास एक शब्द देतो नि शेजाऱ्यास दुसरा.

तेवढ्यावरून त्या भाषेस दरिद्री समजण्याचे कारण नाही. आम्हां सरकारी नोकरांचा 'ठपका' आठवावा. आजी नातवावर ठपका ठेवते. आणि राजभाषेत ज्यास 'परिनिंदा' म्हणतात, तो कचेरीतला ठपका १९६५ च्या केंद्रीय सेवा नियमांत किरकोळ शिक्षांच्या यादीत पहिला आहे. एकाची नोंद मनात होते, दुसऱ्याची दप्तरात. खाली पाहावे लागते ते मात्र दोन्हीकडे सारखेच.

परंतु जेथे नीती आणि कायदा एकाच शब्दात नांदतात, तेथे त्यांची फारकत झाली म्हणजे काय होते? १९५६ च्या उठावातील हंगेरीचे पंतप्रधान इम्रे नॉज यांच्यावर बंद दाराआड खटला चालला. १५ जून १९५८ रोजी त्यांस देहदंड सुनावला गेला आणि दुसऱ्याच दिवशी फाशी झाली. न्यायालयाचे 'एलीतेल' पुरे झाले. ज्यांच्या मनातले 'एलीतेल' त्या न्यायालयाविरुद्धच होते, त्यांना ते उघडपणे उच्चारण्याची सोय नव्हती. १६ जून १९८९ रोजी बुडापेस्टमध्ये नॉज यांचे सन्मानाने पुनर्दफन झाले आणि ६ जुलैस सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द ठरविली. शिक्षा अशी एकतीस वर्षांनी का होईना, रद्द होऊ शकते. लोकांच्या मनातला निषेध रद्द करणारे न्यायालय मात्र कोठेच नसते.

या क्रियापदाचे 'एलीतेल्त' हे रूप पाहण्याजोगे आहे. 'त्याने दोषी ठरविले' असा त्याचा एक अर्थ. आणि तुरुंगातल्या शिक्षा झालेल्या कैद्यासही 'एलीतेल्त'च म्हणतात. कोशकाराने दोघांना एकाच रकान्यात बसविले आहे. म्हणून हा शब्द वाचताना आम्ही आधी कर्ता शोधतो. तो सापडल्यावाचून कोण कोणास दोषी ठरवीत आहे, हे कळत नाही.