बाकी एक

दहा लक्षांची सात भावांत वाटणी केली असता प्रत्येकाच्या पदरी एक लक्ष बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न पडतात व एक रुपया शिल्लक राहतो, हे गणित शाळकरी मुलालाही सुटेल. परंतु तो शिल्लक रुपया काही केल्या माझ्या मनातून जात नाही.

लाखाचे बारा हजार करणाऱ्याला आमच्या लासुर्ण्यात, नीरा डाव्या कालव्यावर पोसलेल्या या ऊसकरी मुलखात, क्षमा नाही. पण बाराच हजार का? रुपयामागे दोन आणे हाती राहिले असे धरले, तरी लाखाचे साडेबारा हजार व्हावेत. म्हणजे म्हण रचणाऱ्याने त्या आठव्या हिश्श्यातूनही पाचशे कापून घेतले. ते कोणाच्या नावे खर्ची पडले? दलालाच्या, वकिलाच्या, की निव्वळ बोलण्याच्या सोयीच्या? आठाने लाख निःशेष भागतो, साताने भागत नाही, म्हणूनच उधळ्याने आठवा हिस्सा पसंत केला असावा, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु विभाज्यतेचा एवढा विवेक त्याच्या ठायी असता, तर म्हणीची गरजच पडती ना! आणि जमिनीचे तर विचारूच नये. एकराचे चाळीस गुंठे सात हिश्श्यांत घातले की प्रत्येकी पाच गुंठे अकरा आणे येतात व तीन आणे उरतात. ते बांधात जातात, आणि भाऊबंदकी बहुधा तेथेच उगवते.

प्रत्येक भावाच्या पदरी पडलेल्या त्या १४२८५७ला दोनपासून सहापर्यंत कशानेही गुणावे, तेच सहा अंक आपला फेर न मोडता परत येतात. साताने गुणताच सहा नऊ उभे राहतात. कारण उघड आहे: साताने चाललेल्या भागाकारात बाकी १, ३, २, ६, ४, ५ अशी फिरत पुन्हा एकावर येते. कारण कळल्यावर विस्मय ओसरावा, तो ओसरत नाही. मात्र हे ऐश्वर्य संख्येचे, की आपल्या दहा बोटांचे? आठाच्या पटीत मोजणाऱ्याला सप्तमांश लिहिताना एकापुढे एक, एवढेच मांडावे लागले असते.

अशाच अंकांच्या खेळात रमलेले, देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांच्या संशोधनाला आपल्याकडील कित्येक पंडितांनी क्षुल्लक लेखले. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये कापरेकरांवर लिहिले, तेव्हा जगाला त्यांची ओळख झाली. कापरेकरांचा ६१७४ हाही दशमानाच्याच अंगणातला. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, अंकांच्या उतरत्या मांडणीतून चढती वजा करीत जावे, फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येतो. (येथेही सातच!) पंडितांचे म्हणणे मला पटते, आणि कापरेकरांचा आनंदही खोटा वाटत नाही, दोन्ही एकाच जमाखर्चात कसे मांडावे, हे उमगत नाही.

कापरेकरांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संख्यांत ४५ आहे: वर्ग २०२५, आणि वीस व पंचवीस मिळून पुन्हा पंचेचाळीस. वाचकाने सवडीने १४२८५७चा वर्ग करावा, उजवीकडचे सहा अंक वेगळे काढावेत आणि डावीकडच्या पाचांत मिळवून पाहावेत.