मलिद्याचे ताट

अलिबाग, पेण, रोहा या टापूत शतकानुशतके राहिलेल्या बेने इस्रायल समाजाजवळ, म्हणजे कोकणातील मराठीभाषक ज्यूंजवळ, दीर्घकाळ ना धर्मग्रंथ होते ना ते वाचून दाखवणारे धर्मगुरू. नवगावच्या किनाऱ्यालगत जहाज फुटले आणि त्यातून वाचलेली काही माणसे हेच आपले पूर्वज, असे हा समाज परंपरेने सांगत आला आहे. तेलाचे घाणे चालवणाऱ्या आणि शनिवारी ते बंद ठेवणाऱ्या या लोकांना शेजारी ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांच्या ओठांवर ‘शेमा’ ही एक प्रार्थना तेवढी उरली होती. बाकीचा धर्म शनिवारच्या विश्रांतीत, मुलाच्या सुंतेत आणि त्याहून अधिक चुलीपाशी जिवंत राहिला.

डेव्हिड राहाबी या बाहेरून आलेल्या ज्यू पाहुण्याने इथल्या बायकांपुढे निरनिराळी मासळी ठेवली, तेव्हा बिनखवल्यांचे मासे त्यांनी बाजूला काढले आणि त्यावरून त्याने या लोकांना ओळखले, अशी कथा समाजात सांगतात. पर आणि खवले असलेलाच मासा ज्यू धर्मशास्त्रात ‘कोशर’, म्हणजे खाण्यास योग्य, मानला जातो. ज्या किनाऱ्यावर कोळंबी, खेकडे आणि तिसऱ्या दारात येतात तिथे हा नियम पिढ्यान्‌पिढ्या पाळणे सोपे नव्हते, आणि कथेचा ऐतिहासिक आधार कसाही असो, तिच्यात समाजाची ओळख पटवून देतात त्या मासळी निवडणाऱ्या बायका, ही गोष्ट फार मोलाची आहे.

हाइम सॅम्युएल केहीमकर यांनी 1897 मध्ये लिहून पूर्ण केलेल्या आणि 1937 मध्ये तेल अवीव येथे छापल्या गेलेल्या समाजाच्या इतिहासात जुन्या सणांची जी नावे आली आहेत, त्यांतली काही थेट स्वयंपाकघरातून उचललेली आहेत. ‘खिरीचा सण’ आणि ‘बिरड्याचा सण’ तर आहेतच. शिवाय वल्हांडणाला, ज्या सणात आंबवलेले धान्याचे पदार्थ वर्ज्य असतात, ‘अनशी ढाकाचा सण’ म्हणत, म्हणजे आंबट कालवणाचे भांडे झाकून ठेवण्याचा सण.

नव्या वर्षाच्या, म्हणजे रोश हशानाच्या, सणाला चिकाचा हलवा होतो. गहू काही दिवस भिजत घालून वाटायचे, गाळून निवळत ठेवायचे आणि तळाशी बसलेला पांढरा चीक नारळाच्या दुधात व साखरेत मंद आचेवर घोटायचा; हात थांबला की गुठळी होते, म्हणून घरातल्या बायका आळीपाळीने उलथने धरतात, आणि गोळा भांड्याच्या कडा सोडू लागला की तो ताटात थापून वर सुकामेवा पेरून वड्या पाडतात. हाच चीक शेजारच्या हिंदू घरांत कुरडयांसाठी शिजतो. मांसाबरोबर दूध न घेण्याचा ज्यू नियम इथे नारळामुळे सहज पाळला गेला, कारण मटणाच्या जेवणावर नारळाच्या दुधाचे गोड चालते. धर्माची अट आणि कोकणची वाडी यांचा असा मेळ बसल्यावर अमुक चव ज्यू आणि अमुक मराठी अशी वाटणी करणे व्यर्थ आहे.

मलिदा हा याच मेळाचा सर्वांत सुंदर विधी आहे. नवस फिटला, लग्न ठरले किंवा आजारी माणूस उठून बसले की भिजवलेल्या पोह्यांत खवलेला ओला नारळ, साखर आणि वेलची मिसळून ताट भरतात, भोवती फळे मांडतात, संदेष्टा एलियाहू हन्नबी याचे स्मरण करून हिब्रू आशीर्वचने म्हणतात आणि मग सर्वांना वाटतात. अलिबागजवळच्या खंडाळे येथे या संदेष्ट्याच्या रथाच्या खुणा खडकावर उमटल्या आहेत, अशी श्रद्धा आहे.

1948 नंतर समाजाचा मोठा भाग इस्रायलला गेला आणि लोद, अश्दोद, बीरशेबा, दिमोना अशा गावांत वसला. तिथे त्यांच्या विवाहांवरून धर्माधिकाऱ्यांनी त्यांच्या ज्यू असण्याबद्दलच शंका काढली. आंदोलन झाले आणि 1964 मध्ये तिथल्या संसदेला, क्नेसेटला, बेने इस्रायल सर्व बाबतींत ज्यूच आहेत असे जाहीर करावे लागले. अशा काळात इतर ज्यूंसारखे दिसण्यासाठी पोह्यांचे हे ताट मागे टाकणे कोणालाही समजून घेता आले असते, कारण हा विधी त्यांचा एकट्यांचा होता. त्यांनी ते टाकले नाही. मराठी न येणारी नातवंडेसुद्धा आज लग्नाआधी मलिदा करतात.