थिएटरमधला धूर

आम्ही दोघी मुंबईतल्या एका रुग्णालयात ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर आहोत. बायकांची दुर्बिणीतून होणारी ऑपरेशने हे आमचे रोजचे काम. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि ठरलेली ऑपरेशने पुढे ढकलली गेली. गर्भाशयात गाठी असलेल्या, महिन्यातले पंधरा दिवस अंगावरून जाणाऱ्या बायांना "थांबा" म्हणून सांगायचे काम आमच्याकडे आले. जीभ जड व्हायची.

मे महिन्यात एका रात्री चोवीस वर्षांची मुलगी आली. ओटीपोटात एका बाजूला कळ आणि उलट्या. सोनोग्राफीत बीजांडकोशाला पीळ पडल्याचे दिसले. भगिनींनो, अशी अचानक कळ उठली तर ओवा खाऊन पडून राहू नका. पिळामुळे रक्त तुटते आणि उशीर झाला की बीजांडकोश जातो. मुलीचे लग्न नुकतेच झालेले. सासू बाहेर बाकावर बसून होती. कोरोनाचा स्वॅब पाठवला, पण अहवाल सकाळपर्यंत येणार नव्हता. तिला कोरोना आहे असे धरूनच पुढे जायचे होते.

पोट उघडायचे की दुर्बीण घालायची? दुर्बिणीसाठी पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. तो वायू आणि कॉटरीचा धूर नळीतून खोलीत येतो. अशा धुरात कावीळ 'बी'चे विषाणू पूर्वी सापडले होते, म्हणून जगभरचे डॉक्टर धास्तावले होते. आमच्या मॅडम म्हणाल्या, "पोट उघडले तरी कॉटरी लागणार, धूर निघणारच. वर ही पोर चार-पाच दिवस इथे पडून राहणार, तेही या दिवसांत." दुर्बीण ठरली.

भूल देणारे डॉक्टर घशात नळी घालीत होते तेव्हा आम्हांला बाहेर उभे केले. मग किट घालून आत गेलो. पाच मिनिटांत घामाने चष्मे धुरकटले. मॅडमनी छेद नळीपुरतेच घेतले, कडेने वायू निसटू नये म्हणून. वायूचा दाब नेहमीपेक्षा कमी ठेवला. बीजांडकोश जांभळासारखा काळानिळा झाला होता. पीळ सोडवला आणि सारे बघत थांबलो. हळूहळू रंग फिरला. कॉटरी लावावी लागलीच नाही. एरवी शेवटी नळीची चावी उघडली की वायू फुस्सकन खोलीत जातो. त्या रात्री तो फिल्टर लावलेल्या सक्शनने सगळा ओढून घेतला, मगच नळ्या काढल्या.

अहवाल निगेटिव्ह आला. मुलगी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी गेली.

पण एक सल राहिली. त्या रात्री आत जाणाऱ्या प्रत्येकाला किट मिळाले, मागाहून रक्त पुसायला येणाऱ्या मावशींना मात्र साधा गाऊन आणि कापडी मास्क. त्या म्हणाल्या, "सिस्टर, हा रोग पगार बघून चिकटतो का?" आम्हांला उत्तर सुचले नाही. सकाळी दोघींनी मॅडमना गाठले. पुढच्या ऑपरेशनपासून एक किट जास्त निघू लागले.

दुर्बिणीच्या वायूतून कोरोना पसरल्याचा पुरावा पुढे मिळाला नाही. पण कॉटरीचा धूर तेव्हाही वाईटच होता, त्याआधीही. वीस वर्षे आम्ही तो नाकाने ओढत होतो. डोके दुखायचे, घसा खवखवायचा, कोणी विचारले नाही. डॉक्टरांना स्वतःची भीती वाटली तेव्हा फिल्टर आला.

आता घाई असली की फिल्टर कपाटातच राहतो. मग आमच्यातली एकजण चावीवर हात ठेवते आणि म्हणते, "सर, सक्शन लावते, दोन मिनिटे थांबा."