हरिहरेश्वर ते म्हसवड : वाऱ्याच्या मागोमाग

ऐन जुलैत हरिहरेश्वरला समुद्र बघायला फारसं कुणी जात नाही. मी गेलो ते वाऱ्यासाठी. नैऋत्येचा वारा ज्या वाटेने महाराष्ट्रात शिरतो, त्याच वाटेने आपणही जायचं असं ठरवलं होतं. हरिहरेश्वरहून महाड, पोलादपूर, आंबेनळी घाटाने महाबळेश्वर, मग पाचगणी, वाई, सातारा आणि शेवटी माणदेशातलं म्हसवड.

खडकांवर उभं राहिलं की वाऱ्याचा रेटा छातीवर जाणवतो. तो झुळकीसारखा येत-जात नाही, दिवसभर एकाच दिशेने लोटत राहतो. मुळात हा वारा इथला नव्हेच. दक्षिण गोलार्धातून निघून आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ तो विषुववृत्त ओलांडतो, उजवीकडे वळतो आणि उबदार अरबी समुद्रावरून बाष्प गोळा करत आपल्या किनाऱ्यावर येतो. १९६०च्या दशकात फिंडलेटर या हवामानतज्ज्ञाने त्याचा मार्ग मांडला. साधारण दीड किलोमीटर उंचीवर या झोताचा वेग सर्वांत जास्त असतो. महाबळेश्वरची उंची सुमारे १,३७० मीटर! म्हणजे झोताचा जोर जिथे सर्वाधिक, जवळपास तिथेच सह्याद्री आडवा आलेला आहे.

हरिहरेश्वरला पाऊस सरींनी येत होता. एक सर गेली की दुसरीपर्यंत छत्री मिटता येत होती. महाडपर्यंत ही उसंत संपली. पूर्वेला डोंगर असायला हवे होते, तिथे फक्त करडी भिंत दिसत होती. स्टँडवर एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "घाटावर पडतोय तो संध्याकाळी इथं येणार. आणि त्यात भरती असली, तर खाडी पाणी घेत नाही बघा." महाडच्या पुराचं गणित त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं होतं. वरून सावित्रीचा लोंढा आणि खालून समुद्राचा अडसर, यांच्या मधोमध हे गाव आहे.

पोलादपूर सोडून एसटी आंबेनळी घाटाला लागली आणि वायपर निरुपयोगी झाले. मी कंडक्टरांना विचारलं, "मास्तर, घाट चालू राहील ना?" तिकिटाचं मशीन पिशवीत सारत ते म्हणाले, "दरड आली नाही तर राहील."

या घाटात एक गोष्ट प्रकर्षाने जाणवली. एवढा पाऊस कोसळत होता, पण गडगडाट नव्हता, वीजही नव्हती. वळवाचे ढग उन्हाने तापलेल्या हवेबरोबर आभाळात उंच चढतात. जुलैत या उतारावरचे बरेच ढग मात्र बुटकेच असतात. डोंगराला धडकलेल्या हवेला वर चढण्यावाचून गत्यंतर नसतं. वर दाब कमी, म्हणून ती प्रसरण पावते, थंड होते आणि बाष्पाचे थेंब होतात. बर्फ होण्याइतक्या उंचीवर न जाताच थेंब एकमेकांवर आदळून मोठे होतात आणि खाली पडतात. समुद्राकडून नवी ओली हवा येतच असते, त्यामुळे ढग रिता होत नाही. हे ढग मोजायला पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१२मध्ये महाबळेश्वरलाच प्रयोगशाळा उभारली.

डोंगर रोज तोच असतो, मग एखादाच दिवस काळ होऊन का येतो? कारण वारा रोज तोच नसतो. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं की पश्चिमेचा वारा जोर धरतो, आणि किनाऱ्यालगतही कमी दाबाचा पट्टा असला तर बाष्पाचा ओघ एकाच भागाकडे लागतो. जुलै २०२१मध्ये महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच पावसात महाड तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. डोंगर हा एकटाच कर्ता नव्हे, हेही खरं. २६ जुलै २००५ला घाटापासून दूर मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तर कुलाब्याला जेमतेम ७३.

महाबळेश्वरात धुक्यातून मी पंचगंगा मंदिर गाठलं. इथून उगम पावणारी सावित्री पश्चिमेला अरबी समुद्राकडे जाते, तर कृष्णा थेट बंगालच्या उपसागराकडे.

पाचगणी इथून वीसेक किलोमीटरही नाही, पण तिथे पाऊस निम्म्याहून कमी. माथा ओलांडलेली हवा खाली उतरू लागते, तापते, ढग विरतात; शिवाय बरंचसं पाणी ती आधीच सांडून आलेली असते. पसरणीचा घाट उतरताना खिडकी उघडली, वाईत रेनकोट काढला, साताऱ्यापुढे रस्ता कोरडा झाला.

म्हसवडला वारा भरपूर होता. ढगही वेगाने पूर्वेकडे चालले होते, पण थांबत नव्हते. चहाच्या टपरीवरच्या काकू म्हणाल्या, "ह्यो वारा आमाला काय देत न्हाई. आमचा पाऊस परतीचा." खरंच आहे. माण तालुक्याची भिस्त सप्टेंबर-ऑक्टोबरच्या गडगडाटी पावसावर असते आणि वर्षाची सरासरी जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास. महाबळेश्वरवर जुलै २०२१मध्ये एका दिवसात कोसळलेलं पाणी इथल्या वर्षभराच्या पावसाहून जास्त, आणि दोन्ही ठिकाणं एकाच सातारा जिल्ह्यात!

म्हणूनच जिल्ह्याची सरासरी सांगणाऱ्या आकड्यावर विसंबू नये. हवामान खातं आता पुणे, सातारा, कोल्हापूरच्या घाट परिसरासाठी वेगळे इशारे देतं. पावसाळी सहलीला निघताना तेवढी ओळ शोधून वाचा. घाटाला लाल इशारा असेल, तर आपल्या गावात ऊन पडलेलं असलं तरी गाडी काढू नका.