आधी नीरा, मग जिजाई

प्रिय सानिका,

तुझं पत्र मिळालं. शनिवारी रात्री तुम्ही चौघी सिनेमे बघता, इराणी झाले, कोरियन झाले, आता 'जुन्या मराठीतले बेस्ट दहा कळव' म्हणतेस. दहा कळवणार नाही. दहाची यादी फ्रीजच्या दारावर चिकटते आणि बघणं राहून जातं. प्रभात फिल्म कंपनीचे तीन सांगते, तेही मी सांगते त्याच क्रमाने बघायचे.

पहिला 'कुंकू', १९३७ चा. लोक सहसा 'संत तुकाराम'पासून सुरुवात करायला सांगतात. पण संतपट म्हटला की माणसं आधीच हात जोडून बसतात, आणि मग पडद्यावरचं काही दिसत नाही. 'कुंकू'त हात जोडण्यासारखं कुणी नाही. नीरेला वाढवणाऱ्या माणसांनीच पैशासाठी तिचं लग्न एका म्हाताऱ्या, विधुर वकिलाशी लावून दिलंय. ती नशिबाला बोल लावत बसत नाही. हे लग्न मला मान्य नाही, असं ठणकावते आणि त्याच घरात राहून आपला नकार निभावते. ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा हा सिनेमा. शांता आपट्यांची नीरा बघितलीस की आपण 'बंडखोर नायिका' हे शब्द किती स्वस्तात वापरतो ते कळेल.

तुम्ही साउंड डिझाइनवर तासन् तास बोलता ना, मग हा हेडफोन लावून बघा. दिग्दर्शक व्ही. शांताराम, म्हणजे आपले शांतारामबापू, यांनी यात पार्श्वसंगीतच वापरलेलं नाही. जे ऐकू येतं ते त्या घरातलं, त्या प्रसंगातलं. भिंतीवरचं घड्याळ तर जवळजवळ एक पात्रच आहे. नीरा मध्येच लाँगफेलोची इंग्रजी कविता गाते, तेव्हा मात्र हसू नका, पुढे ऐका.

केशवराव दात्यांचे काकासाहेब सरळ दुष्ट असते तर सगळं सोपं झालं असतं. ते तसे नाहीत. तरुण दिसायची त्यांची आरशासमोरची धडपड बघताना राग आणि कीव एकदमच येतात. त्यांची मुलगी सुशीला, म्हणजे नीरेची सावत्र मुलगी, झाल्या आहेत शकुंतला परांजपे. सई परांजप्यांच्या आई, आणि प्रत्यक्षातही संततिनियमनाचं काम करणाऱ्या. त्या नीरेच्या बाजूने बोलतात तेव्हा पाठ केलेले संवाद वाटत नाहीत, याचं मला तरी नवल वाटत नाही. शेवट मात्र मला पटत नाही. इतका वेळ स्वतःचं स्वतः ठरवणाऱ्या नीरेच्या हातून कथेनेच निर्णय काढून घेतलाय असं वाटतं. याहून जास्त सांगत नाही.

तुझ्या मैत्रिणींना मराठी येत नसेल तर याचीच हिंदी आवृत्ती 'दुनिया न माने' लावा. शांता आपटे आणि केशवराव दाते त्यातही आहेत.

दुसऱ्या शनिवारी 'संत तुकाराम' (१९३६). दामले-फत्तेलालांचा. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याची वाखाणणी झाली, हे सगळे सांगतातच. मी सांगेन, जिजाईकडे बघ. विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा गाताना डोळे मिटतात, तेव्हा गौरीची जिजाई चूल, म्हैस आणि पोरं सांभाळत असते, आणि तोंडाचा पट्टा चालूच. पोर आजारी पडतं तेव्हा ती त्याला ओढत देवळात नेते आणि पायातली वहाण हातात घेऊन पांडुरंगाला जाब विचारते. भक्तिपटात देवावर वहाण उगारणारी बाई, आणि थिएटरातले भाविक तिच्याच बाजूचे! मला हा सिनेमा जितका तुकोबांचा वाटतो तितकाच तिचा. विमानाचा चमत्कार येईल तेव्हाही नजर तिच्या स्वयंपाकघरावर असू दे.

एक गंमत सांगायची राहिली. यातला सालोमालो तुकोबांचे अभंग आपल्या नावावर खपवतो. आणि शांताराम आठवल्यांनी याच चित्रपटासाठी लिहिलेला एक अभंग लोकांनी तुकोबांच्या नावावर जमा केला! आठवल्यांना याहून मोठी दाद कुणी दिली असेल असं वाटत नाही.

तिसरा 'माणूस', १९३९. पोलीस शिपाई गणपत, म्हणजे शाहू मोडक, आणि कोठीवरची मैना, शांता हुबळीकर. 'देवदास'च्या थाटात झुरणाऱ्या नायकांना दिलेलं हे उत्तर आहे. मैनाचं अनेक भाषांतलं गाणं तुम्हाला आवडेलच, पण झाडाभोवती गाणाऱ्या त्या काळच्या फिल्मी प्रेमिकांची शांतारामबापूंनी केलेली टवाळी चुकवू नका. हाही हिंदीत आहे, 'आदमी' नावाने.

'श्यामची आई' मी मुद्दाम लिहिला नाही. त्याला १९५४ साली राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं ते योग्यच होतं, पण तो चौघींनी चर्चा करत बघायचा सिनेमा नव्हे. घरी आलीस की आईबरोबर बघ.

प्रिंट जुन्या आहेत, आवाजात खरखर आहे, पहिली पंधरा मिनिटं जड जातील. तेवढ्यात मोबाइल हातात घेतलात तर मला सांगूही नका. 'कुंकू'चा शेवट तुला पटला की नाही, ते मात्र सविस्तर लिही. तुझ्या आईचं आणि माझं त्यावरून अजून जुळत नाही. ती म्हणते, त्या काळात दुसरं काय दाखवणार होते? तू कुणाच्या बाजूने आहेस त्यावर 'शेजारी' या सिनेमाबद्दल कधी लिहायचं ते ठरवते.

तुझी,
मावशी