नावाची शेपटी

गावात एका नावाची दोन माणसे असली की लोक आपणहून शेपटी लावतात: वरच्या आळीचा, गिरणीवाला. संगणकाच्या गाभ्यालाही अशी शेपटी लावावी लागते, हे मला गेल्या दिवाळीच्या सुट्टीत कळले.

लिनक्सचा हा गाभा, म्हणजे कर्नेल, लिनस टॉरवाल्ड्सने १९९१ मध्ये जगापुढे ठेवला. त्याची मूळ संहिता फुकट मिळते. आपल्या यंत्राला हवे तेवढे ठेवून तो घरी बांधता येतो. मूळ नाव म्हणजे नुसते आकडे, समजा ६.१२.१०. घरी बांधलेल्याचेही नाव तेच राहिले, की पंचाईत. डेबियनमध्ये गाभ्याचे पॅकेज या नावावरूनच ओळखले जाते, आणि त्याचे सुटे भाग, म्हणजे मॉड्यूल, त्याच नावाच्या कप्प्यात जातात. नाव एकच असले तर नवा येऊन जुन्याच्या जागेवर बसतो. आणि नवा सुरूच झाला नाही, तर परत जायला जुना उरत नाही. म्हणून बांधणीआधी 'लोकलव्हर्जन' या जागी आपली शेपटी लिहायची. मग दोघे शेजारी नांदतात, आणि यंत्र सुरू करताना कोणता घ्यायचा ते आपण ठरवतो.

सगळे नाव मिळून ६४ अक्षरांत बसले पाहिजे. पॅकेजच्या नावात रोमन लिपीतली लहान अक्षरे, आकडे, अधिक, उणे आणि टिंब एवढेच चालते, देवनागरीला मज्जाव. (राग आला, पण काढणार कुणावर?) संहितेतले बदल नोंदवायचे राहिले, तर आपोआप '-डर्टी' अशी शेपटी लावणारीही एक सोय आहे. वसतिगृहातल्या कित्येक खोल्यांना ती शोभेल!

कुणी तारीख लिहितात, कुणी यंत्राचे नाव. मी आईचे लिहिले. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावात महाराष्ट्र शासनाने आईला जागा दिली. मी त्याआधीचा, माझ्या नावात ती नाही. आणि हा जुना लॅपटॉप तर तिच्याच भिशीतून आलेला.

'यूनेम -आर' ही आज्ञा दिली, तशी पडद्यावर आकड्यांच्या मागोमाग ती उमटली. तिला रोमन अक्षरे येत नाहीत. मी वाचून दाखवले.

"माझ्या नावानं मशीन बंद पडलं म्हंजे?"

"जुना आहे की शेजारी. त्याच्यावर चालू करू."

"मग ऱ्हाऊ दे," ती म्हणाली.